त्रुटी कळवणाऱ्याचं पत्र आधी वकिलाकडे पाठवू नका

प्रति,
संचालक मंडळांचे सदस्य, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि विभागप्रमुख,
लोकांची माहिती सांभाळणाऱ्या सर्व ऑनलाइन सेवा

विषय: बाहेरच्या हॅकरांनी कळवलेल्या त्रुटी स्वीकारण्याची व्यवस्था करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सेवेच्या सुरक्षेत या क्षणी एखादी तरी गंभीर त्रुटी आहे. तुमच्या अभियंत्यांना विचारा, तेही नाकारणार नाहीत. लाखो ओळींचा कोड, त्यात दुसऱ्यांनी लिहिलेली शेकडो पॅकेजं, दहा वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत बसवलेला एखादा सर्व्हर, हे सगळं एकत्र चालवताना काहीतरी निसटतंच. ती त्रुटी आधी कुणाला सापडेल, यावर तुमचा ताबा थोडाच आहे. ज्याला सापडेल त्याने ती तुम्हाला सांगावी की नाही, हे मात्र बरंचसं तुमच्या वागण्यावर ठरतं. बहुतेक संस्था तिथेच चुकतात आणि त्याची किंमत त्यांच्या वापरकर्त्यांना मोजावी लागते. म्हणून हे पत्र.

मी सुरक्षा तपासणीच्या क्षेत्रात काम करते. त्रुटी शोधून कळवण्याचं काम मी केलं आहे आणि बाहेरून आलेले रिपोर्ट वाचून, त्यांतले खरे कोणते ते पारखून दुरुस्ती करून घेण्याचंही. दोन्हीकडून पाहिल्यामुळे ठामपणे सांगते, की ओळखपाळख नसताना तुम्हाला त्रुटी कळवणारा हॅकर हा तुमच्या सुरक्षाव्यवस्थेचाच भाग आहे. त्याला तुम्ही पगार देत नाही, त्याला कुणी पाठवलेलं नाही, तरी तो आला आहे. त्याचं पत्र आल्यावर पहिल्या दिवशी तुमच्याकडे काय होतं, यावर पुढचं बहुतेक सगळं अवलंबून असतं.

बहुतेक ठिकाणी काय होतं ते सांगते. ईमेल ग्राहक सेवेच्या पत्त्यावर जातो, कारण दुसरा पत्ता कुठे दिलेलाच नसतो. तिथल्या माणसाला त्यातलं काही कळत नाही. तो ठरावीक उत्तर पाठवून तिकीट बंद करतो. लिहिणारा चिवट असेल तर पुन्हा लिहितो, या वेळी स्क्रीनशॉट जोडून आणि जरा चढ्या आवाजात. मग प्रकरण वरिष्ठांकडे जातं. वरिष्ठ घाबरतात आणि ते विधी विभागाकडे सरकवतात. वकिलाच्या नजरेत त्या ईमेलमधलं एकच वाक्य भरतं: या माणसाने परवानगी न घेता आमच्या सिस्टीममध्ये पाहिलं. तो नोटीस पाठवतो. या सगळ्या प्रवासात, ज्याला तो ईमेल पाच मिनिटांत समजला असता त्या अभियंत्यापर्यंत तो पोहोचलेलाच नसतो. त्रुटी होती तिथेच राहते, आणि ती सांगणारा माणूस पुन्हा कधी कुणाला काही सांगायला जात नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या मिझुरी राज्याचं आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच या वृत्तपत्राच्या एका पत्रकाराला दिसलं, की राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे तिथले गोपनीय ओळख क्रमांक, पानाच्या सोर्समध्येच (ज्या कोडवरून ब्राउझर पान दाखवतो त्यात) पडलेले आहेत. कुठला पासवर्ड तोडावा लागत नव्हता. पानाचा सोर्स ब्राउझरमध्ये कुणालाही उघडता येतो. एक लाखाहून अधिक शिक्षकांची माहिती अशी उघडी पडलेली असण्याची शक्यता होती. वृत्तपत्राने खात्याला कळवलं आणि खात्याने शिक्षकांची माहिती शोधण्याची ती सोय साइटवरून काढून घेईपर्यंत बातमी रोखून धरली. जबाबदारीने वागायचं म्हणजे आणखी काय करायचं? पण राज्यपाल माइक पार्सन यांनी पत्रकार परिषद घेऊन याला हॅकिंग ठरवलं, खटल्याची भाषा केली आणि पोलीस तपास लावला. फेब्रुवारी २०२२मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला. नंतर बाहेर आलेल्या कागदपत्रांतून कळलं, की खात्याने सुरुवातीला जे निवेदन तयार केलं होतं त्यात माध्यमाच्या त्या प्रतिनिधीचे आभार मानलेले होते. तो मसुदा बाजूला पडला. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त लागतं ते हेच. आतल्या कुणाला तरी योग्य काय ते कळलं होतं आणि वरच्या पातळीवर ते पुसलं गेलं. ती वरची पातळी म्हणजे तुम्ही. म्हणून मी हे पत्र अभियंत्यांना लिहीत नाही, तुम्हाला लिहिते आहे.

कोर्टात जाऊन त्रुटी लपत नाही, हेही दिसून आलेलं आहे. २००८मध्ये बॉस्टनच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांचं डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेतलं भाषण न्यायालयाकडून थांबवून घेतलं. भाषण होतं तिकिटांच्या आणि कार्डांच्या यंत्रणेतल्या त्रुटींवर. तोपर्यंत भाषणाच्या स्लाइड परिषदेच्या सीडीवरून लोकांच्या हाती गेलेल्या होत्या. त्यात भर म्हणजे संस्थेने आपल्या दाव्याला विद्यार्थ्यांनी दिलेला गोपनीय अहवालच जोडला. तो न्यायालयाच्या सार्वजनिक नोंदीत गेला, आणि स्लाइडमध्ये नव्हता असा तपशील त्यात होता. दहा दिवसांत तो आदेश उठला. काही महिन्यांनी तीच संस्था आणि तेच विद्यार्थी यंत्रणा सुधारण्यासाठी एकत्र बसले. पहिल्याच आठवड्यात बसता आलं असतं. फोक्सवॅगनने २०१३मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयातून असाच मनाई आदेश मिळवला. गाडीच्या चावीतल्या मेगामॉस चिपची कमजोरी दाखवणारा शोधनिबंध त्यामुळे दोन वर्षं अडला आणि अखेर २०१५मध्ये, एक वाक्य गाळून, प्रसिद्ध झाला. संशोधकांनी चिप बनवणाऱ्या कंपनीला २०१२मध्येच कळवलेलं होतं. निबंध अडवून धरल्याने रस्त्यावरच्या गाडीतली चिप बदलत नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली असते: हा माणूस गप्प राहिला तर ही गोष्ट कुणालाच कळणार नाही. हार्टब्लीड नावाची त्रुटी आठवा. ओपनएसएसएल या, जगातल्या असंख्य सर्व्हरांवर चालणाऱ्या आणि संदेश गुप्त ठेवण्याचं काम करणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) २०१२पासून एक चूक होती. समोरचा संगणक 'मी एवढा मजकूर पाठवतोय, तोच मला परत पाठव' असं म्हणायचा आणि लांबी खोटी सांगायचा. ती लांबी खरी आहे की नाही हे कुणी तपासतच नव्हतं. त्यामुळे एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत सर्व्हरच्या मेमरीतलं काहीही, पासवर्डही आणि गुप्त किल्ल्याही, बाहेर यायचं. दोन वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, निदान कुणी जाहीर केलं नाही. मग २०१४मध्ये गूगलचे नील मेहता आणि फिनलंडमधल्या कोडेनॉमिकॉन कंपनीचे अभियंते यांना ती चूक एकमेकांना पत्ता नसताना थोड्याच अंतराने सापडली. दोन प्रामाणिक माणसांना एकाच सुमारास जे सापडतं, ते तिसऱ्या अप्रामाणिक माणसाला सापडणार नाही, असं कशाच्या आधारावर मानायचं? जो तुम्हाला लिहून कळवतो, त्याच्या आधी आणखी कुणीतरी तिथे येऊन गेलेलं असू शकतं. त्याने लिहिलं नाही, एवढाच फरक.

हा वाद संगणकाच्याही आधीचा आहे. १८५१च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन कुलूपकाराने आधी चब यांचं नावाजलेलं डिटेक्टर कुलूप उघडून दाखवलं. मग तो ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत कित्येक दशकं मांडलेल्या कुलपाकडे वळला. ते उघडणाऱ्याला २०० गिनी देण्याची जाहीर पैज होती. हॉब्सला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तासांच्या आसपास लागले, पण कुलूप उघडलं. तेव्हाही सभ्य समाजात हलकल्लोळ झाला, की अशा गोष्टी चारचौघांत दाखवल्या तर चोरांना शिकवल्यासारखं होईल. चोरांना ते आधीच माहीत असतं, हे उत्तरही तेव्हाच दिलं गेलं. त्यानंतर कुलपं सुधारली. ब्रामा कंपनीची २०० गिनींची पैज मला फार आवडते. आम्ही चांगले आहोत असं नुसतं सांगून ती कंपनी थांबली नव्हती. आमचं कुलूप उघडून दाखवा, असं तिने पैसे लावून म्हटलं होतं. नेटस्केपने १९९५मध्ये आपल्या ब्राउझरसाठी हीच गोष्ट सुरू केली आणि आज तिला आपण बग बाउंटी म्हणतो.

आता नीट वागल्यावर काय साधतं ते सांगते, कारण भीतीपेक्षा हे उदाहरण तुमच्या मनात राहावं असं मला वाटतं. २००८च्या सुरुवातीला डॅन कॅमिन्स्की या हॅकरला डीएनएसमध्ये एक मूलभूत कमजोरी सापडली. साइटचं नाव दिलं की तिचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. तिच्यावर ईमेलपासून बँकेच्या व्यवहारापर्यंत सगळं टेकलेलं आहे. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला एक क्रमांक असतो आणि उत्तरावर तोच क्रमांक असेल तर सर्व्हर ते उत्तर खरं मानतो. हा क्रमांक ६५,५३६ शक्यतांपैकी एक. खोटं उत्तर घुसवणाऱ्याला तो अंदाजाने गाठावा लागतो, आणि एकदा खरं उत्तर येऊन साठवलं गेलं की पुढचा प्रयत्न बराच वेळ करता येत नाही. निदान तसं सगळे समजत होते. कॅमिन्स्की यांच्या लक्षात आलं, की अस्तित्वातच नसलेली नावं एकामागून एक विचारत राहिलं तर हवे तेवढे प्रयत्न करता येतात, आणि प्रत्येक खोट्या उत्तरासोबत 'या पूर्ण डोमेनचा (साइटच्या मूळ नावाखालच्या सगळ्याचा) कारभार अमक्या सर्व्हरकडे आहे' हा निरोपही आत ढकलता येतो. एकदा का अंदाज बरोबर आला, की त्या सर्व्हरला विचारणारा प्रत्येक माणूस हल्लेखोर सांगेल तिथे जाऊन पोहोचणार.

ही त्रुटी विकायला काढली असती तर गिऱ्हाइकांची वाण पडली नसती. कॅमिन्स्की यांनी डीएनएसमधल्या जाणत्या लोकांना फोन केले. ३१ मार्च २००८ रोजी रेडमंडला मायक्रोसॉफ्टच्या आवारात सोळा जण एकत्र बसले. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे लोक त्यात होते. उपाय ठरला तो असा: प्रश्न कुठल्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या कुठल्या क्रमांकाच्या दारातून, पाठवायचा हेही दर वेळी यादृच्छिक ठेवायचं, म्हणजे हल्लेखोराला दोन आकडे एकाच वेळी ओळखावे लागतील आणि शक्यता हजारांतून अब्जांत जातील. महिनोन्‌महिने ही गोष्ट त्या वर्तुळाबाहेर गेली नाही. ८ जुलै २००८ला अनेक कंपन्यांचे पॅच, म्हणजे दुरुस्तीचे कोड, एकाच दिवशी बाहेर पडले. दोन आठवड्यांच्या आत तपशील फुटले, पण तोपर्यंत दुरुस्ती लोकांपर्यंत पोहोचायला लागलेली होती. कॅमिन्स्की २०२१मध्ये वारले. इंटरनेट वापरणाऱ्या बहुतेकांना त्यांचं नाव माहीत नाही. एका माणसाने फोन उचलला आणि पलीकडच्यांनी तो नीट ऐकला, यामुळे हे साधलं. मी तुमच्याकडे मागते आहे तो हाच पलीकडच्याचा वाटा.

नीट ऐकूनही कधी उशीर होतो. २०२१च्या एप्रिलमध्ये डीआयव्हीडी या डच स्वयंसेवी संस्थेने कसेया कंपनीच्या व्हीएसए या, अनेक संगणक लांबून सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या सात त्रुटी कंपनीला कळवल्या. कंपनीने सहकार्य केलं, काही त्रुटी लगेच बुजवल्याही. उरलेल्यांवर काम चालू असतानाच २ जुलैला रेव्हिल टोळीने हल्ला केला आणि पंधराशेपर्यंत व्यवसाय खंडणीच्या फासात अडकले. स्वीडनमध्ये कूप साखळीची शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली. त्या रात्री याच स्वयंसेवकांनी इंटरनेट धुंडाळून उघडे सर्व्हर शोधले आणि ते कुणाचे आहेत हे काढून मालकांना कळवायला सुरुवात केली. अठ्ठेचाळीस तासांत उघड्या सर्व्हरांची संख्या २,२००वरून १४०च्या खाली आली. पगार न घेता, सुट्टीच्या दिवशी. अशी माणसं जगात आहेत, आणि ती तुमच्या बाजूने उभी राहायला तयार आहेत.

कधी कधी तर हे कुणाचं काम म्हणूनही नेमलेलं नसतं. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसलं, की त्यांच्या चाचणीच्या यंत्रावर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद कुणीही सोडून दिला असता. त्यांनी नाही सोडला. खणत गेल्यावर एक्सझेड या, लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत कुणीतरी वर्षानुवर्षं विश्वास कमावून बसवलेला चोरदरवाजा सापडला. तो जगभरच्या सर्व्हरांवर पसरण्याच्या बेतात होता. या स्वभावाला, हे असं का होतंय हे कळल्याशिवाय चैन न पडण्याला, मी हॅकरचा स्वभाव म्हणते. तो विकत घेता येत नाही. त्याला घाबरवून पळवता मात्र येतं.

सरकारी खात्यांच्या प्रमुखांना वेगळं एक सांगायचं आहे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या संगणक-विषाणूने इंग्लंडमधल्या अनेक रुग्णालयांची यंत्रणा ठप्प केली आणि रुग्णांच्या १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात असा अंदाज तिथल्या लेखापरीक्षकांच्या अहवालात आहे. विंडोजच्या ज्या त्रुटीवर तो चालला, ती अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीपासून माहीत होती. तिच्यासाठी बनवलेलं हत्यार चोरीला गेलं आणि जाहीरपणे पसरलं. सरकारने त्रुटी स्वतःजवळ दडवून ठेवली की ती फक्त शत्रूच्याच संगणकात राहते असं नाही. ती आपल्या रुग्णालयांतही तशीच असते. आणि तो हल्ला रोखला कुणी? मार्कस हचिन्स या बावीस वर्षांच्या तरुणाने. विषाणूच्या कोडमध्ये त्याला एक नोंदणी न झालेलं डोमेन दिसलं, ते त्याने नोंदवलं, आणि विषाणूचा फैलाव थांबला. त्याच हचिन्सला काही महिन्यांनी अटक झाली, कारण किशोरवयात त्याने बँकांचे तपशील चोरणारं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, लिहिलं होतं. त्याने गुन्हा कबूल केला. २०१९मध्ये न्यायाधीशांनी त्याला तुरुंगात पाठवलं नाही. त्याने नंतर केलेलं काम त्यांनी विचारात घेतलं. हे मी मुद्दाम सांगते आहे. आमच्यातले सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असा माझा दावा नाही. पण सरळ मार्गाने काम करायची वाट रुंद आणि सुरक्षित असेल, तर हुशार पोरं त्या वाटेने जातात. ती वाट आखणं तुमच्या हातात आहे.

आता तुमच्या शंका. पहिली नेहमी अशी असते, की 'या, त्रुटी शोधा' असं जाहीर केलं तर आपण हल्लेखोरांनाच बोलावणं धाडल्यासारखं होणार नाही का? हल्लेखोर बोलावण्याची वाट पाहत नाहीत. तुमच्या सर्व्हरच्या लॉग पाहा. दार वाजवून पाहणारे चोवीस तास येत असतात. बोलावणं लागतं ते कायद्याला घाबरणाऱ्या सज्जनांना. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१६मध्ये 'हॅक द पेंटॅगॉन' नावाने आपल्या काही साइट हॅकरांना तपासायला खुल्या केल्या तेव्हा चौदाशेहून अधिक लोकांनी नाव नोंदवलं. पहिला रिपोर्ट तेरा मिनिटांत आला. २४ दिवसांत १३८ खऱ्या त्रुटी सापडल्या. एकूण खर्च सुमारे दीड लाख डॉलर, त्यातला निम्मा थेट हॅकरांच्या हाती गेला. बाहेरच्या कंपनीकडून हेच काम नेहमीच्या पद्धतीने करून घेतलं असतं तर दहा लाख डॉलरहून अधिक लागले असते, असं तेव्हाचे संरक्षणमंत्री अ‍ॅश कार्टर यांनी सांगितलं. गुप्ततेशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्यांनी हे केलं.

दुसरी शंका पैशाची आणि ती रास्त आहे. पण बक्षीस ही दुसरी पायरी आहे. रिपोर्ट वाचणारं, समजणारं आणि दुरुस्ती करून घेणारं कुणी नसेल तर बक्षीस जाहीरच करू नका. रिपोर्टांचा ढीग साचेल आणि लोक चिडतील. अनेक चांगल्या संशोधकांना पैसे नको असतात. त्यांना आपण कळवलेली गोष्ट खरोखर दुरुस्त झालेली पाहायची असते आणि आपल्या नावाची नोंद हवी असते. डच सरकार त्रुटी कळवणाऱ्याला 'मी डच सरकारला हॅक केलं' असं छापलेला टी-शर्ट देतं, आणि लोक तो अभिमानाने घालतात.

बक्षिसाच्या नावाखाली तोंड बंद करण्याचा सौदा मात्र कधीही करू नका. उबरमध्ये २०१६ साली ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरणाऱ्यांना एक लाख डॉलर देऊन तो बग बाउंटीचा व्यवहार म्हणून दाखवला गेला. कंपनीच्या तेव्हाच्या सुरक्षाप्रमुखांना २०२२मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. ज्याने माहिती उचलून नेली आहे आणि पैसे द्या नाहीतर बघा म्हणतो आहे, तो खंडणीखोर आहे. त्याच्यासाठी पोलीस आहेत आणि तुमचे वकीलही आहेत. मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते त्रुटी आहे एवढं सिद्ध होताच थांबतात, दुसऱ्याची माहिती साठवत नाहीत, सेवा पाडत नाहीत, तुम्हाला दुरुस्तीला वाजवी वेळ देतात. गूगलचा प्रोजेक्ट झिरो हा त्रुटी शोधणारा गट साधारण नव्वद दिवस देतो. ही अपेक्षा तुम्ही लेखी जाहीर करा आणि ती पाळणाऱ्याला अभय द्या.

तिसरी अडचण तुमच्या मंडळाला सहसा दिसत नाही, पण रिपोर्ट वाचायला बसलेल्यांना रोज छळते. आलेल्या रिपोर्टांत बरेच निकामी असतात. त्रुटी शोधणाऱ्या स्वयंचलित स्कॅनरने काढलेल्या याद्या, धमकीवजा पैशाच्या मागण्या, आणि आता एआयकडून लिहवून घेतलेले, दिसायला भारदस्त पण पूर्णपणे खोटे रिपोर्ट. कर्ल या, इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी याबद्दल जाहीर तक्रार केली आहे. तो त्रास खरा आहे. म्हणूनच हे काम कुणाच्या तरी मूळ कामावर चिकटवून चालत नाही. त्याला माणूस आणि वेळ द्यावा लागतो. आणि खऱ्या रिपोर्टची भाषा नेहमीच सफाईदार नसते. २०१३मध्ये खलील श्रीतेह या पॅलेस्टिनी तरुणाने फेसबुकला कळवलं, की मित्रयादीत नसलेल्या कुणाच्याही भिंतीवर लिहिता येतं. त्याचं इंग्रजी मोडकं होतं. 'हा बग नाही' असं उत्तर आलं. मग त्याने थेट मार्क झुकरबर्ग यांच्या भिंतीवर लिहून दाखवलं. तेव्हा बग तातडीने दुरुस्त झाला. नियम मोडला म्हणून त्याला बक्षीस नाकारलं गेलं. जगभरातल्या लोकांनी मग वर्गणी काढून त्याला दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम दिली. आपण फार घाईने त्याला झटकून टाकलं, हे कंपनीच्या सुरक्षाप्रमुखांनी नंतर मान्य केलं. मी स्वतः असे रिपोर्ट पाहिले आहेत, की ज्यांत व्याकरण नव्हतं, नमस्कार नव्हता, आणि तिसऱ्या ओळीत पूर्ण डेटाबेस वाचण्याची वाट लिहिलेली होती.

यातून जीव वाचतात, ही अतिशयोक्ती नाही. २०१५मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी महामार्गावर धावती जीप घरी बसून लांबून बंद पाडून दाखवली. कंपनीला त्यांनी कित्येक महिने आधीपासून माहिती दिलेली होती. अखेर १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या गेल्या. तुमच्या सेवेला आज इंजिन किंवा ब्रेक जोडलेले नसतीलही, पण कुणाच्या तरी आजाराची नोंद, कुणाचा तरी राहता पत्ता तिच्यात आहेच.

म्हणून माझी मागणी. तुमच्या साइटवर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी ही छोटी फाइल ठेवा. एप्रिल २०२२पासून आरएफसी ९११६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात तिचं रूप ठरवून दिलेलं आहे. तिच्यात संपर्काचा पत्ता आणि ती माहिती कधीपर्यंत ग्राह्य आहे ती तारीख, एवढं सक्तीचं आहे. तारीख यासाठी, की नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर रिपोर्ट वर्षभर पडून राहू नयेत. तो पत्ता सुरक्षेच्या कामातल्या माणसाकडे जाऊ द्या. काय तपासलेलं चालेल, काय चालणार नाही, आणि प्रामाणिकपणे वागणाऱ्यावर आम्ही कायदेशीर कारवाई करणार नाही, हे साध्या भाषेत लिहून प्रसिद्ध करा. तुमच्या वकिलांना इथे खरं काम आहे: नोटीस लिहिण्याऐवजी हे अभयपत्र त्यांच्याकडून लिहून घ्या. त्यांनी आढेवेढे घेतले तर त्यांना दाखवायला आधार आहेत. अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२२मध्ये सद्‌हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर खटले भरू नयेत असं धोरण जाहीर केलं, बेल्जियमने २०२३मध्ये अशा हॅकरांना अटींसह कायद्याचं संरक्षण दिलं, आणि रिपोर्ट कसे स्वीकारावेत यासाठी आयएसओ २९१४७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. कायदे करणाऱ्या ज्यांच्या हाती हे पत्र पडेल त्यांनाही हीच विनंती, कारण जिथे कायदाच हेतू पाहत नाही तिथे एका कंपनीचं अभयपत्र अपुरं पडतं.

आणि दर तिमाहीच्या बैठकीत सुरक्षेचा विषय आला, की नुसतं 'आपण सुरक्षित आहोत ना?' असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी हो असतं. बाहेरून किती रिपोर्ट आले, त्यांतले किती खरे निघाले, सर्वांत जुना खरा रिपोर्ट किती दिवस दुरुस्तीविना पडून आहे आणि कुणामुळे अडला आहे, हे विचारा. एकही रिपोर्ट आलेला नसेल तर समाधान मानू नका. आपला पत्ता सापडतो का, हे बाहेरच्या एखाद्या माणसाला शोधायला सांगून बघा.

ज्या संस्थेला यातलं आज काहीच जमणार नाही, तिने निदान पुढच्या रिपोर्टला दोन ओळींचं उत्तर द्यावं: तुमचा रिपोर्ट मिळाला, अमुक अभियंता तो पाहत आहे, अमुक तारखेपर्यंत कळवू. आणि त्या तारखेला खरंच कळवावं.

कळावे,

आपली,
सुरक्षा तपासणीच्या क्षेत्रात काम करणारी एक हॅकर